पहारेकऱ्याची काठी

एकदा एक शिष्या रडकुंडीला येऊन आपल्या वृद्ध गुरूंकडे गेली. तिचं नाव वैजयंती. गुरूंना सगळे नाना म्हणत. अंधशाळेतल्या मुलींसाठी तिनं स्वतःच्या आवाजात धडे ध्वनिमुद्रित केले होते. ते शाळेच्या तीन संगणकांवर उतरवायचे होते. संगणक देणगीतले, त्यामुळे कुणावर लिनक्स ही प्रणाली, कुणावर मॅकची. दोघांच्या आज्ञा दिसायला सारख्या, पण वागणं निराळं. म्हणून तिनं शेल स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची एक यादी लिहिली, जी आधी यंत्र ओळखेल आणि मग त्याला कळेल तीच आज्ञा देईल. दोन संगणकांवर ती नीट चालली. तिसरा हटूनच बसला, आणि सोमवारी मुलींची परीक्षा!

"नाना, तो मॅकच आहे हो! ‘यूजर्स’ नावाचा फोल्डर आहे त्यात, तो मॅकवरच असतो. त्यावरूनच माझी स्क्रिप्ट यंत्र ओळखते. तरी मेला ऐकत नाही."

"चल, बघू," एवढंच नाना म्हणाले. शाळेच्या फाटकाशी त्यांनी पहारेकरी सदूकाकांची काठी मागून घेतली आणि ती ठकठक वाजवत व्हरांड्यातून निघाले. वैजयंती वैतागली. इथं माझा जीव टांगणीला लागलाय, आणि ह्यांचं हे काय चाललंय!

संगणकाच्या खोलीच्या दाराशी बसलेल्या छोट्या विद्यार्थिनीनं, कस्तुरीनं, ठकठक ऐकून मान वर केली. "कोण आहे?"

"काठी ओळखली नाहीस?" नानांनी विचारलं.

"ओळखली की, सदूकाकांची. पण काठी काय, कुणीही उचलेल. म्हणून विचारलं."

नाना शिष्येकडे वळले. "घरातलं सामान पाहून तू घरधनी ठरवलास, पोरी. तो फोल्डर कुणी जुन्या मॅकवरून आणून इथं ठेवला असेल. अगं, यंत्राला उत्तर देता येतं! स्क्रिप्टमध्ये आधी ‘यूनेम’ ही आज्ञा घाल. मॅक असेल तर ‘डार्विन’ हे आपल्या प्रणालीचं नाव सांगेल, नाहीतर जे असेल ते. आणि नाव अनोळखी निघालं, तर मुकाट्यानं थांब. अंदाजानं हुकूम सोडू नकोस."

आपलंही असंच होतं बघा. खात्री वाटली, की विचारायचं सुचतच नाही.

वैजयंतीनं यंत्राला विचारलं. उत्तर आलं, लिनक्स. तिला लाजही वाटली आणि हसूही आलं. तासाभरात धडे उतरले.

कस्तुरीनं हेडफोन कानाला लावला आणि तिचा चेहरा खुलला. "ही तर वैजूताई!" मग तिनं हात पुढे केला. "ताई, तूच ना?"

वैजयंतीनं तो हात घट्ट धरला. "हो गं, मीच."