ठकूबाईची औषधाची पिशवी आणि यमाईचा दिवा

हिंगणदरा हे गाव डोंगराच्या पोटाशी आहे. माथ्यावर यमाईचं देऊळ, पायथ्याला दीडशे घरं आणि गाव संपलं की ओढ्याकाठी उंबराखाली एक दगडी मठी. या मठीत तुळाजी महाराज बारा वर्षं राहिले. महाराज मूळचे कुठले, कोणत्या परंपरेतले, हे कुणाला ठाऊक नाही. विचारायला गेलं की महाराज हातात खराटा देत आणि म्हणत, "अंगण झाडून ये, मग सांगतो." झाडून येईपर्यंत महाराज ध्यानाला बसलेले असत. अशी चार-सहा जणांची गत झाली, मग गावानं विचारायचं सोडून दिलं.

गावात ठकूबाई नावाची एक विधवा होती. एक खोपट, अकरा शेळ्या आणि महाराजांवरची श्रद्धा, एवढाच तिचा संसार. एका पावसाळ्यात तिची दोन करडं दगावली. ती रडत रडत मठीत आली आणि महाराजांच्या पायावर पडली.

"महाराज, अंगारा द्या. माझ्या शेरडांना कुनाची तरी बाधा झालीया."

महाराज म्हणाले, "देतो. पण करडांना काय झालं होतं ते तर सांग."

"हगवन लागली हुती. तीन दिस."

"मग तीन दिवस तू काय केलंस?"

"तुमचं नाव घेतलं. आन् पाणी तोडलं. आधीच पातळ हगत्यात, वर पाणी कशापायी पाजायचं?"

महाराजांनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं वेडे, नाव माझं घेतलंस आणि पाणी त्यांचं तोडलंस! कशानं जगतील ती?"

महाराज रागावले की त्यांचा आवाज बारीक होई. तसाच तो आताही झाला. पण महाराज लगेच निवळले, आत गेले आणि आपली जुनी झोळी घेऊन आले. तिच्यात एकेक वस्तू कशी भरायची ते त्यांनी सांगितलं. करडं हगली तर पाण्यात गूळ-मीठ कालवून थोडं थोडं पाजायचं, म्हणून गूळ आणि मीठ. जखमेला हळद. जखमेत किडे पडू नयेत म्हणून करंजाच्या बियांची पूड. धुऊन उन्हात वाळवलेल्या धोतराच्या पट्ट्या आणि एक कात्री, तीही दुसऱ्या कशाला वापरायची नाही. पोट फुगलं तर हिंग, पापडखार आणि बाटलीभर गोडं तेल. औषध पाजायला बांबूचं नळकांडं, त्याची कड घासून गुळगुळीत केलेली, म्हणजे जीभ कापायची नाही. शेवटी महाराजांनी चिमूटभर अंगारा पुडीत बांधून दिला.

"हा सगळ्यांत खाली ठेव," महाराज म्हणाले. "आधी वरचं वापरायचं, मग याला हात लावायचा. दर बाजारच्या दिवशी झोळी उघडून बघायची. जे सरलं असेल ते त्याच दिवशी भरायचं. आणि एक गोष्ट पक्की ध्यानात धर. यातली वस्तू शेळ्यांची. फोडणीला नाही, शेजारणीला नाही. प्रत्यक्ष देवानं मागितली तरी द्यायची नाही."

ठकूबाईनं मान डोलावली. त्या दिवसापासून झोळी तिच्या खांद्यावरून उतरली नाही. पुढच्या वर्षी तिचं एकही करडू गेलं नाही, उलट वाडीवस्तीची माणसं आपल्या शेळ्या घेऊन तिच्या दारात येऊ लागली.

हे ज्यांच्या डोळ्यांत खुपलं ते गावचे इनामदार जिवाजीराव. देवीचे मानकरी, शंभर बिघ्यांचे धनी, आणि जीभ अशी तिखट की समोरच्याला पाणी मागायला लागावं. ठकूबाई चावडीवरून जाताना दिसली की ते मुद्दाम मोठ्यानं म्हणत, "या, शेळ्यांच्या वैद्यीणबाई! लोकांचे महाराज मंत्र देतात, हिच्या महाराजांनी ओवा-हिंग दिला! काय गं, महाराजांचा हात तुझ्या डोक्यावर आहे ना? मग ही बोचकी कशाला वागवतेस? विश्वास नाही होय?"

चावडीवरची माणसं खो-खो हसत. ठकूबाई खाली मान घालून निघून जाई. एकदा न राहवून तिनं हे महाराजांना सांगितलं. महाराज म्हणाले, "त्यांच्या वाड्यात रांजण भरून ठेवतात की नाही? पाऊस देव पाडतो, पण पाणी माणसालाच भरून ठेवावं लागतं. तू आपलं काम कर." विषय तिथंच संपला.

पण या जिवाजीरावांच्या घरात एक मोठं दुःख होतं. त्यांची सून बाळंतपणात गेली. मागं राहिला तान्हा नातू. त्याला गाईचं दूध पचेना, चार ठिकाणच्या शेळ्या आणून पाहिल्या, सगळं ओकून टाकी. अखेर चांदणी नावाच्या एका पांढऱ्या शेळीचं दूध त्याला मानवलं. तेव्हापासून पोर चांदणीवर जगत होतं. इनामदार माणसांना तोडून बोलत, पण त्या शेळीशी बोलताना त्यांचा आवाज लोण्यासारखा मऊ होई.

नवरात्र आलं. यमाईच्या देवळात नऊ दिवस अखंड दिवा तेवतो आणि एकेका दिवसाचं तेल एकेका घराकडे असतं. त्या वर्षी नवमी ज्या घराकडे होती तिथं सुतक पडलं, म्हणून ती पाळी ठकूबाईकडे आली. इनामदारांनी सगळ्यांसमोर बजावलं, "ठके, मान मिळालाय तो सांभाळ. दिवा विझला तर पुन्हा हा डोंगर चढायचा नाही. तुझ्या बोचकीतला हिंग देवीला चालत नाही!"

बिचारी हरखून गेली होती. तिनं आपल्या घरच्या पणतीच्या हिशेबानं तेल नेलं आणि तिथंच चुकली. देवळातली वात अंगठ्याएवढी जाड, वर माथ्यावरचा वारा. दुपार व्हायच्या आत तेल तळाला गेलं. डोंगरावर पाणी नाही म्हणून तिथं रांधत नाहीत, नैवेद्य खालूनच शिजवून आणतात. त्यामुळे उसनं मागावं तर वर कुणाकडेच तेल नव्हतं. खाली जाऊन यायला दीड-दोन तास. ज्योत फडफडू लागली. ठकूबाईनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, झोळीतली गोड्या तेलाची बाटली काढली आणि हात जोडून दिव्यात रिकामी केली. देवानं मागितली तरी द्यायची नाही, हे शब्द तिला आठवले नाहीत असं नाही. पण देवीपुढं उभं राहून देवीला नाही म्हणणं तिला जमलं नाही.

एवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला.

इनामदार नातवाला देवीच्या पायावर घालायला आले होते आणि पोराच्या दुधासाठी चांदणीलाही वर आणलं होतं. नवमीला गाईला पुरणपोळीचा घास देतात. इनामदारांना वाटलं, माझ्या नातवाची आई तर ही शेळीच, मग हिलाच मान. घास कसला, त्यांनी पुरणानं भरलेलं अख्खं ताट चांदणीपुढं ठेवलं, वर ओंजळभर भिजवलेला हरभरा! शेळीनं ताट चाटून पुसून स्वच्छ केलं. थोड्या वेळानं तिची डावी कूस फुगू लागली, ढोलासारखी टणक झाली, आणि चांदणी दात खात आडवी पडली.

"अरे, कुणीतरी काहीतरी करा!" इनामदार ओरडले. गुरवानं कुंकू लावलं, कुणी लिंबू उतरवलं. मांडीवरचं पोर भुकेनं टाहो फोडत होतं. इनामदारांनी घाबऱ्या नजरेनं सगळीकडं पाहिलं आणि त्यांचे डोळे ठकूबाईवर येऊन थांबले. मग एकदम म्हणाले, "ठकूबाई... बघतेस का गं?"

जन्मात पहिल्यांदा त्यांनी तिला ठकूबाई म्हटलं.

ठकूबाई एका शब्दानं टोचून बोलली नाही. तिनं चांदणीला उठवलं, पुढचे पाय पायरीवर चढवून उभं केलं, तोंडात कडुलिंबाची काडी आडवी बांधली आणि कूस चोळत म्हणाली, "अदपाव त्याल पायजे, धनी. आत फेस झालाय. त्याल पडल्याबिगर वारा सुटायचा न्हाई."

"मग घाल की! बाटली आहे ना तुझ्याकडं?"

"हुती. आत्ताच दिव्यात वतली."

एक गडी तेलासाठी डोंगर उतरत पळत सुटला. पण चांदणीला आता धाप लागली होती, जीभ निळी पडत होती. दोन तास ती काढणार नाही हे ठकूबाईला कळून चुकलं. ती उठली, थेट गाभाऱ्यापाशी गेली आणि पळी उचलली.

गुरव आडवा आला. "दिव्याला हात लावशील तर खबरदार! अखंड दिवा हाय. गावावर कोप व्हईल!"

ठकूबाईच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. ती म्हणाली, "आई यमाई, माझं चुकलं. दुसऱ्याचं औशद मी तुला दिलं. त्ये माघारी घेती. काय शिक्षा करायची ती मला कर, त्या लेकराला नगं." मग मोठ्यानं हाक मारली, "तुळाजी महाराज, तुमी बघा आता!" आणि पळीपळीनं सगळं तेल काढून घेतलं. दिव्यात राहिली नुसती वात.

तिनं तेलात हिंग आणि पापडखार कालवला. नळकांडं जबड्याच्या कडेनं घालून, मान फार उंच न करता, घोट घोट पाजलं. घाईनं ओतलं तर फुप्फुसात जातं. मग पुन्हा कूस चोळू लागली. अर्धा तास गेला. चांदणीनं एक मोठा ढेकर दिला. मग दुसरा. कूस हळूहळू उतरू लागली. घंटाभरानं तिनं अंग झाडलं, चार लेंड्या टाकल्या आणि खाली बसून सावकाश रवंथ करू लागली. धन्य ती ठकूबाई!

इनामदार रडले, अगदी पोरासारखे रडले. तोच आतून गुरव किंचाळला, "अवो, दिवा बघा! दिवा!"

सगळे गाभाऱ्याशी धावले. दिव्यात तेलाचा थेंब नव्हता. गुरवानं बोट फिरवून पाहिलं, दगडी दिवा आतून कोरडा. आणि वात मात्र शांत, सरळ तेवत होती. जळून तसूभरही आखूड झाली नव्हती. तेल घेऊन गडी वर पोचेपर्यंत ती तशीच तेवत राहिली, आणि दिव्यात तेल पडल्यावर मग कुठं इतर वातींसारखी फडफडली.

त्याच पावली इनामदार नातवाला घेऊन डोंगर उतरले. चांदणी मागं, ठकूबाई तिच्या मागं, आणि सगळा गाव. मठीच्या दारात महाराजांचा सेवेकरी भेटला. तो म्हणाला, "दुपारी महाराज जेवायला बसले होते. पहिला घास हातात घेतला आणि तसाच ठेवला. म्हणाले, आता हात गुंतला. तेव्हापासून उजवा अंगठा वर धरून दोन तास बसून होते. मघाशी कुठं हात खाली घेतला."

महाराज उंबराखाली बसले होते. ठकूबाईनं पाहिलं तर अंगठ्याचं टोक काळं पडलेलं, खाली टपोरा फोड. तिनं हंबरडा फोडला. "महाराज, हे काय केलंत! माझ्या चुकीपायी तुमचा हात जळला!" ती झोळी उलटीपालटी करू लागली. हळद निघाली, पट्टी निघाली. तेलाची बाटली मात्र रिकामी.

"राहू दे गं," महाराज म्हणाले, "माझ्या अंगठ्याला घाई नाही. पण तुझ्या वाटेवर उद्या कुणाची शेळी आजारी पडेल. आधी बाटली भर."

ठकूबाईनं बाटली उचलली, पण तिच्या हातून ती जिवाजीरावांनी घेतली. हाताखाली चार गडी उभे असताना स्वतः, अनवाणी, भर रस्त्यानं ते वाड्यावर गेले आणि बाटली काठोकाठ भरून घेऊन आले. महाराजांच्या पायाशी ती ठेवून लोटांगण घालू लागले, तशी महाराजांनी पाय मागं ओढले.

"इनामदार, मी तर सारा वेळ बसून होतो. दिव्याला हात लावला तर आपला डोंगर तुटेल हे माहीत असून हात लावला कुणी?"

जिवाजीराव उठले. साऱ्या गावादेखत पागोटं काढून त्यांनी ठकूबाईच्या धुळीनं माखलेल्या पायांवर डोकं ठेवलं. ती ओशाळून मागं सरली, पण भिंत आडवी आली.

"उठा, धनी, उठा," ती म्हणाली. "चांदणीला आजची रात कोरडा कडबा घाला, दुसरं काय बी नगं. आन् लेकराला भूक लागलीया, त्याचं बघा."

इनामदार मात्र कितीतरी वेळ उठले नाहीत.