आक्कांची खुर्ची

नदीकाठच्या एका बाजारगावात नेमिनाथ उपाध्ये नावाचे टीव्हीचे दुकानदार राहत. सगळा गाव त्यांना नेमूअण्णा म्हणायचा. दुकान लहानसंच, पण अण्णांची एक रीत होती. टीव्ही कुणासाठी घ्यायचाय, हे ते आधी विचारत आणि त्या माणसालाच दुकानात घेऊन यायला सांगत. "बघणाऱ्याच्या डोळ्यांना विचारल्याशिवाय मी टीव्ही देत नाही," असं त्यांचं म्हणणं.

त्याच गावात हिंदुराव खोत हे शाळेचे मुख्याध्यापक होते. फळ्यावर रोजचा सुविचार लिहिण्याचं काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत. त्यांची मुलगी शिवांजली खो-खो खेळायची. तिची आई ती लहान असतानाच गेली, त्यामुळे तिला वाढवलं ते आजीनं, म्हणजे हिंदुरावांच्या आईनं. या आक्का पहाटे नातीला मैदानावर घेऊन जायच्या आणि ती पळून दमेपर्यंत कडेला पोतं अंथरून बसायच्या. सलग नऊ वर्षं. आता आक्कांचे कान मंद झाले होते, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि शिवांजली राज्याच्या संघातून दिल्लीला खेळायला गेली होती. रविवारी संध्याकाळी अंतिम सामना टीव्हीवर दाखवणार होते. नेमका तेव्हाच घरातला जुना टीव्ही बंद पडला.

"मरायच्या आधी पोरीला एकदा खेळताना टीव्हीत बघू दे," आक्का म्हणाल्या. "मग माझं काही मागणं नाही."

हिंदुराव आक्कांना घेऊन अण्णांच्या दुकानात गेले. अण्णांनी म्हातारीला खुर्ची दिली. एकामागून एक टीव्ही लावले, आवाज कमीजास्त केला, चित्र उजळ केलं, खुर्ची पुढंमागं सरकवली. यात सगळी दुपार गेली. सातव्या टीव्हीला आक्का हसल्या. "ह्याचं बोलणं कळतंय. माणसंही दिसतात."

अण्णांनाच जास्त आनंद झाला. त्यांनी आतून नखांना लावायचा लाल रंग आणला आणि रिमोटच्या चालू करायच्या बटणावर एक ठिपका दिला. आवाजाच्या बटणावर हिरवा दिला. "लाल म्हणजे चालू, हिरवा म्हणजे मोठ्यानं. आक्का, आता कुणाला हाक मारायची गरज नाही." मग ते चहा सांगायला बाहेर गेले. तेवढ्यात हिंदुरावांनी टीव्हीच्या पाठीमागच्या, मॉडेलचा नंबर असलेल्या पट्टीचा मोबाईलवर फोटो काढला.

अण्णा काही दुधखुळे नव्हते. चहा देता देता म्हणाले, "सर, मोबाईलवर स्वस्त मिळत असेल तर खुशाल तिकडून घ्या. मी तोंड वाकडं करणार नाही. तो भिंतीवर लावायलासुद्धा येईन. फक्त तसं सांगा, म्हणजे दुसरं गिऱ्हाईक मी परत पाठवणार नाही."

"छे, छे! तुम्हाला सोडून कुठं जाणार, अण्णा? हाच ठेवा आमच्यासाठी. शनिवारी नेतो."

अण्णांनी 'खोत आक्का' अशी चिठ्ठी लिहून टीव्हीवर चिकटवली. हिंदुरावांनी घरी येऊन तोच टीव्ही मोबाईलवरून मागवला. चार हजारांनी स्वस्त पडला. अण्णांना कळवायचं त्यांनी उद्यावर ढकललं, मग परवावर. मधल्या दिवसांत दोघं जण तो टीव्ही मागायला आले, पण अण्णांनी चिठ्ठीवर बोट ठेवून त्यांना परत पाठवलं.

शुक्रवारी खोकं आलं. शनिवारी सकाळी जोडणारा माणूस आला. त्यानं खोकं उघडलं, तर काच या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडकलेली. त्यानं फोटो काढले आणि सांगितलं, "बदलून मिळेल. आठ दिवस धरा."

"अण्णांच्या दुकानातलाच ना हा?" आक्कांनी विचारलं.

"हो, तोच," हिंदुराव म्हणाले.

"मग अण्णांना बोलव की."

"ते गावाला गेलेत."

एवढं बोलून हिंदुराव शाळेत गेले. त्या दिवशी फळ्यावर त्यांनी लिहिलं होतं, 'सत्य हेच माणसाचं भूषण.' अक्षर मात्र सुंदर होतं, ते कबूल केलं पाहिजे.

शनिवार संपला तरी सर टीव्ही न्यायला आले नाहीत. अण्णांना वाटलं, सर कामात असतील. रविवारी दुपारी त्यांनी तोच टीव्ही दुकानाच्या पायरीवर रस्त्याकडे तोंड करून ठेवला, सतरंज्या अंथरल्या आणि गावाला निरोप दिला की आपल्या शिवांजलीचा सामना सगळ्यांनी मिळून बघायचा. बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं दाराला कुलूप लावून तिकडं गेली. पुढं, अगदी मधोमध, अण्णांनी एक खुर्ची ठेवली आणि तिच्यावर कुणाला बसू दिलं नाही.

हिंदुरावांना हे शाळेच्या शिपायाकडून कळलं. आक्कांना त्यांनी काहीच सांगितलं नाही.

पाच वाजले. गल्लीच्या टोकाकडून शिट्ट्या ऐकू येऊ लागल्या. त्या हिंदुरावांना ऐकू येत होत्या, आक्कांना नाही. आक्का धुवट लुगडं नेसून, फुटक्या टीव्हीच्या खोक्याशेजारी बसल्या होत्या. "शेजारी जाऊन बघू या का?" त्या म्हणाल्या.

"सगळ्यांच्या दाराला कुलूप आहे. सुट्टी आहे ना, गेले असतील कुठंतरी."

हिंदुरावांनी मोबाईलवर सामना लावून आक्कांच्या डोळ्यांपुढं धरला. आक्कांनी पुष्कळ डोळे ताणले. "पोरी पळतायत का मुंग्या रे?" त्यांनी विचारलं आणि मोबाईल हळूच बाजूला सारला.

हिंदुरावांना घरात बसवेना. दूध आणतो म्हणून ते बाहेर पडले आणि पाय आपोआप दुकानाकडे वळले. गर्दीच्या मागं उभे राहून त्यांनी बघितलं. पडद्यावर त्यांची मुलगी पळत होती. टीव्हीवर अजून 'खोत आक्का' ही चिठ्ठी होती. पुढची खुर्ची रिकामी होती.

अण्णांनी त्यांना ओळखलं आणि गर्दीतून वाट काढत आले. "अहो सर, आता येताय? आक्का कुठायत? खुर्ची धरून ठेवलीय त्यांची. अजून अर्धा सामना आहे, घेऊन या जा!"

घर तिथून दोनशे पावलांवर होतं. 'अण्णा, माझी चूक झाली' एवढं म्हणायला श्वासभर वेळ लागला असता. ते म्हणायचीही गरज नव्हती. नुसतं घरी जाऊन आईचा हात धरला असता तरी भागलं असतं. पण मग आई अण्णांशी बोलली असती, फुटका टीव्ही निघाला असता आणि चारचौघांत मुख्याध्यापकांची अब्रू गेली असती.

"तिला ताप आहे," हिंदुराव म्हणाले. "झोपलीय."

आणि ते तिथंच उभे राहून सामना बघत राहिले. शेवटच्या मिनिटाला शिवांजलीनं सूर मारून गडी टिपला. गाव नाचला. लोकांनी हिंदुरावांना खांद्यावर घेतलं.

ते घरी आले तेव्हा आक्का तशाच बसल्या होत्या. "काय झालं रे?"

"जिंकली. फोनवर कळलं."

"कशी खेळली?"

हिंदुरावांना सगळं माहीत होतं. पण पाहिलं म्हणायची सोय नव्हती. "चांगली खेळली म्हणे," एवढंच ते बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा मोसंबी घेऊन दारात आले. "आक्का, ताप उतरला का?"

"मला कुठला ताप?" आक्का म्हणाल्या. "तुम्ही गावाहून कधी आलात?"

अण्णांनी खोलीत नजर फिरवली. खोकं दिसलं, त्याच्यावरची मोबाईलवरून मागवल्याची पट्टी दिसली, तडकलेली काच दिसली. त्यांनी मोसंबी खाली ठेवली. "सर, टीव्ही कुठूनही घ्यायचा होता. काल सामना बघायला आक्कांना तेवढं दुकानापुढं घेऊन यायचं होतं. मी शेवटपर्यंत खुर्ची उठवली नव्हती." एवढं बोलून ते पायरी उतरले.

आक्कांनी एक मोसंबं उचलून मांडीवर घेतलं. मग मुलाकडे न बघता म्हणाल्या, "दोनशे पावलं रे. रांगत गेले असते मी."

तेवढ्यात फोन वाजला. दिल्लीहून शिवांजली मोठ्यानं बोलत होती. "आजी! जिंकल्यावर मी कॅमेऱ्याकडे बघून तुला हात केला. दिसला का गं?"

आक्कांनी फोन कानाला घट्ट धरला. हिंदुराव समोरच मान खाली घालून उभे होते.

"दिसला गं बाळ," आक्का म्हणाल्या. "अगदी स्वच्छ दिसला." ऐंशी वर्षांच्या आयुष्यात त्या पहिल्यांदाच खोटं बोलत होत्या.

तात्पर्य: वस्तू कुठूनही घ्यावी, त्यात पाप नाही. पण ज्याला फसवलं त्याला तोंड दाखवायची लाज वाटू लागली, की त्या लाजेची किंमत फसवणारा देत नाही, त्याच्या घरातलं सगळ्यात निष्पाप माणूस देतं.