घसरण्याचं कारण

"बर्फावर पाय का घसरतो?"

म्हाताऱ्या प्राध्यापक लाउनिओंनी एवढंच विचारलं आणि ते खुर्चीत मागे रेलले.

सुमेध वाकोडेला हसूच आलं. अचलपूरहून थेट फिनलंडला उपयोजित भौतिकशास्त्र शिकायला आलेला हा मुलगा. शाळेपासून कायम पहिला. ही तोंडी परीक्षा पास झाला तरच पुढच्या वर्षाला प्रवेश, नाहीतर सामान आवरून घरी. त्या धास्तीने सकाळपासून त्याच्या घशाखाली घास उतरला नव्हता. आणि प्रश्न काय, तर हा?

त्याने खडू उचलला.

"सोपं आहे, सर. अंगाच्या वजनाचा दाब पडतो. दाबाने बर्फ वितळतो, पाण्याचा पातळ थर होतो. त्यावरून पाय सटकतो."

"दाबाने वितळणबिंदू किती खाली येतो? मांडून दाखव."

सुमेधने भराभर आकडे मांडले. उत्तर आलं आणि त्याचा हात थबकला. अंशाचा शंभरावा भागसुद्धा नाही.

"बाहेर आत्ता उणे पंधरा आहे," म्हातारा शांतपणे म्हणाला.

"मग... घर्षण, सर. घर्षणाच्या उष्णतेने वितळतो."

"नुसता उभा असलेला माणूसही पडतो."

सुमेधच्या कानशिलांवर घाम आला. पण हार मानेल तो सुमेध कसला! त्याने समीकरणं लिहायला घेतली. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. बोलणं थांबवायची त्याला भीती वाटत होती. फळा भरला. आपण नुसती धूळ उडवतोय, हे त्याला स्वतःलाच कळत होतं.

लाउनिओ उठले. त्यांनी डस्टर घेतलं आणि सगळा फळा पुसून काढला. अगदी कोपऱ्यांपर्यंत. सावकाश. मग पुन्हा जागेवर जाऊन बसले.

"बर्फावर पाय का घसरतो?"

...

खिडकीबाहेर कुणीतरी फावड्याने बर्फ ओढत होतं, त्याचा खरखर आवाज तेवढा येत होता.

सुमेधने ते शब्द आजवर कधी उच्चारले नव्हते. शिक्षकांसमोर नाही, वडिलांसमोर नाही. इथे आल्यापासून तर नाहीच. वर्गात कळलं नाही की मान डोलवायची आणि खोलीवर येऊन एकट्याने डोकं फोडायचं, हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं.

"मला..." त्याचा आवाज चिरकला. "मला माहीत नाही, सर."



सुमेधने खडू खाली ठेवला. आता सगळं संपलं, असं वाटायला हवं होतं. पण झालं भलतंच. खांदे आपोआप सैल पडले. घरून निघाल्यापासून पहिल्यांदाच त्याने छातीभर श्वास घेतला.

त्याने कोऱ्या फळ्याकडे पाहिलं. मग लाउनिओंकडे.

"पण सर... खरंच, का घसरतो?"

लाउनिओंनी पेन काढलं, समोरच्या कागदावर 'उत्तीर्ण' लिहिलं आणि खाली सही ठोकली.

सुमेध बघतच राहिला. डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू, दोन्ही एकदमच आलं.

"पण उत्तर तर राहिलंच, सर."

"माझंही अर्धं राहिलंय." लाउनिओंनी खुंटीवरचा कोट काढला आणि दार उघडलं. "टोपी घाल. चल, जरा घसरून येऊ."