डोहावरची टिटवी आणि गप्प बसण्याचा नियम

सागाच्या एका जंगलात एक खोल डोह होता, आणि त्या डोहाकाठच्या गोट्यांत एक टिटवी राहायला आली. मूळची ती तिथली नव्हे. तिचे तळे डोंगरापलीकडे होते. त्या उन्हाळ्यात ते आटले, तेव्हा ती आपल्या जोडीदाराला, टिटव्याला घेऊन पाण्याच्या शोधात इकडे आली. इकडचेही ओढेनाले कोरडे पडले होते. त्यामुळे हरणे, रानडुकरे, ससे, साळिंदरे असे सगळेच या एका डोहावर पाणी प्यायला येत. टिटवीने काठावरच्या वाळूत चार अंडी घातली. रंग असा, की जवळ उभे राहिले तरी कुठला दगड आणि कुठले अंडे ते कळू नये.

टिटवीचा स्वभाव, मुलांनो, असा असतो की काही वावगे हलताना दिसले की तिला गप्प बसवत नाही. ती उडते, घिरट्या घालते आणि घसा फाटेपर्यंत ओरडते. आल्यावर तिसऱ्याच दिवशी तिला लव्हाळ्यांत बिबट्याची पाठ दिसली. ती ओरडली. प्राणी दचकले, डोके वर करून हे कोण नवीन ओरडते आहे म्हणून बघत राहिले. तेवढ्यात बिबट्याने एक ससा उचलला. चार दिवसांनी पुन्हा तसेच झाले. ती ओरडली, प्राणी बघत राहिले, आणि या वेळी रानडुकराचे एक पिल्लू गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जांभळाच्या झाडाखाली सभा भरली. सभा बोलावली होती कोल्ह्याने. पुढे बसला होता गवा. अंगाने सर्वांत मोठा म्हणून त्या जंगलात त्याचाच शब्द चाले. तो न्यायी होता, पण फार विचार करायची त्याला सवय नव्हती.

कोल्हा घसा साफ करून म्हणाला, "गवेदादा, आपल्या वाडवडिलांनी सांगून ठेवलंय, टिटवी ओरडली की मरण येतं. आपण डोळ्यांनी पाहिलं. दोनदा ओरडली, दोघं गेले. परक्या मुलखातली आहे, तिला आपल्या रीतीभाती काय ठाऊक? पण आपण तरी आपली रीत सोडू नये."

"खरं आहे, खरं आहे," असे म्हणत साळिंदराने काटे झाडले. सशांनी माना हलवल्या. जिचे पिल्लू गेले होते ती डुकरीण टिटवीकडे पाठ करून बसली होती.

टिटवी एका दगडावर उभी राहून ऐकत होती. तिला कुणी बोलायला सांगितले नव्हते, तरी ती म्हणाली, "मी मरण आणत नाही हो. ते येताना मला आधी दिसतं, एवढंच."

"ऐकलंत?" कोल्हा लगेच सभेकडे वळला. "तिला आधी दिसतं म्हणे! स्वतःच्या तोंडानं कबूल केलं."

सभेत कुजबुज वाढली. मग गव्याने निकाल दिला. "टिटवीबाई, तुम्हाला इथून हाकलावं असं आमच्या मनात नाही. पाणी सर्वांचं आहे. पण इथे राहायचं तर ओरडायचं नाही. ओरडलात तर त्याच दिवशी डोह सोडून जायचं."

टिटवी परत आली तेव्हा टिटवा अंड्यांवर बसला होता. सगळे ऐकून तो म्हणाला, "चल, आपण आत्ताच जाऊ. असल्या ठिकाणी राहायचं कशाला?"

"आणि अंडी?" टिटवी म्हणाली. "ती काय चोचीत धरून नेणार आहेस?"

पिल्ले बाहेर यायला अजून बरेच दिवस होते. टिटवीने त्या दिवसापासून चोच मिटली.

गप्प बसणे किती जड असते ते तिला तेव्हा कळले. सकाळी लव्हाळी हलली की तिच्या गळ्यात हाक दाटून यायची. ती मान खाली घालून वाळू चिवडत बसायची. पहिल्यांदा बिबट्याने एक म्हातारा ससा नेला. तिने पाहिले आणि डोळे मिटून घेतले. दोन दिवसांनी साळिंदराचे मोठे पोर गेले. पुढे शिंगे फुटू लागलेले एक हरीण गेले. तेव्हा मात्र ती टिटव्याला म्हणाली, "मी बघत होते रे. ते पोर पाण्याशी वाकलं होतं आणि मी बघत होते." टिटव्याने तिला अंड्यांवर बसू दिले आणि स्वतः दूर जाऊन उभा राहिला.

कळपातली एक हरिणी त्या संध्याकाळी तिच्याजवळ आली. गेलेले हरीण तिचा मुलगा होता. ती म्हणाली, "टिटवीबाई, एक विचारू? आज तुम्ही ओरडला नाहीत ना?"

"नाही हो ताई. शपथेवर सांगते, नाही."

"परवा साळिंदराचं पोर गेलं, तेव्हाही नाही?"

"नाही."

हरिणीने एकदा लव्हाळ्यांकडे पाहिले. मग ती कळपाकडे निघून गेली.

त्यानंतर दोन दिवसांनी, ऊन कलताना, हरणांचा सगळा कळप पाण्यावर उतरला. पुढे तीच हरिणी होती. टिटवीला लव्हाळ्यांत आधी शेपटीचे टोक दिसले, मग जमिनीला टेकलेले पोट. बिबट्या उडी घेण्याच्या बेतात होता. टिटवीने एकदा अंड्यांकडे पाहिले. अंड्यांवर टिटवा बसला होता. त्यालाही बिबट्या दिसला होता. तो तिच्याकडे बघत होता, आणि त्याने मानेने ना हो म्हटले, ना नाही.

टिटवी उडाली आणि कधी ओरडली नव्हती इतक्या जोराने ओरडली. या वेळी हरिणी इकडेतिकडे बघत थांबली नाही. तिने झेप घेतली, तिच्यामागे कळप उधळला. बिबट्याची उडी रिकाम्या वाळूवर पडली. टिटवी त्याच्या डोक्यावर घिरट्या घालत तशीच ओरडत राहिली, तो कंटाळून झाडीत निघून जाईपर्यंत.

सकाळी पुन्हा सभा. कोल्हा आज फारच तावातावाने बोलत होता. "नियम म्हणजे नियम! काल सर्वांसमक्ष ओरडली ती. आता तिला सोडलं तर उद्या कुणीही उठून रीत मोडेल. मग कसली सभा आणि कसलं जंगल?"

"नियम मी मोडला," टिटवी म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "मी जाते. एवढंच मागते, पिल्लं बाहेर येईपर्यंत अंड्यांवर कुणाचा पाय पडू देऊ नका."

गवा उठणार, इतक्यात हरिणी पुढे आली. सभेत बोलायची तिला सवय नव्हती.

"गवेदादा, ती गप्प होती तेव्हा माझं पोर गेलं. साळिंदरभाऊ, तुमचंही तेव्हाच गेलं. काल ती ओरडली आणि कुणीच गेलं नाही. तिच्या ओरडण्यानं मरण येतं, तर मग आमची पोरं कुणाच्या ओरडण्यानं गेली?"

साळिंदराचे काटे आपोआप खाली आले. कोल्हा म्हणाला, "मनातल्या मनात ओरडली असेल! अशांचं काही सांगता येत नाही." पण या वेळी कुणी मान हलवली नाही.

गव्याने प्रथमच कोल्ह्याकडे नीट पाहिले. उन्हाळ्याने सर्वांची हाडे वर आली होती, आणि याचे पोट मात्र गोल होते, केस तुकतुकीत. त्याने विचारले, "कोल्होबा, पाण्यावर तू आमच्यासोबत कधी दिसत नाहीस. असतोस कुठे?"

कोल्हा मागे सरकू लागला. तेव्हा जांभळाच्या शेंड्यावर बसलेली घार म्हणाली, "मी सांगते. तो करवंदीच्या जाळीमागे असतो. बिबट्या खाऊन उठला की उरलेलं हा खातो. पहिल्या त्या दोन वेळांनंतर तुम्ही हळूहळू टिटवीच्या आवाजावर पळायला शिकला असता, तर याचं जेवण बंद पडलं असतं."

"आणि हे तू आज सांगतेस?" हरिणी म्हणाली.

"मला कुणी विचारलं नाही," घार म्हणाली. "शिवाय बिबट्या काही आकाशात येत नाही."

गवा खाली मान घालून उभा राहिला. बिबट्या गव्यालाही कधी धरत नसे. गप्प बसण्याचा नियम त्याने केला होता, पण त्या नियमाने त्याच्या घरचे कुणी गेले नव्हते. हे त्याच्या आता ध्यानात आले, आणि ते त्याला बोचले.

"निकाल माझा चुकला," तो म्हणाला. "नियम रद्द. टिटवीबाई, तुम्ही राहा, आणि दिसेल तेव्हा ओरडा. यापुढे ज्याच्याविषयी नियम करायचा, त्याचं म्हणणं आधी ऐकल्याशिवाय या झाडाखाली निकाल होणार नाही." एवढ्यात कोल्हा मागच्या मागे कधी सटकला, ते कुणाला कळलेही नाही.

पण, मुलांनो, वर्षानुवर्षे मनात बसलेली समजूत एका सकाळीत जात नाही. पुढल्या आठवड्यात टिटवी पुन्हा ओरडली. एक म्हातारा रानडुक्कर चिखलात लोळत होता. तो धडपडत उठला, "मेली अपशकुनी! सकाळी सकाळी ओरडते!" असे पुटपुटला, आणि पुटपुटतच सर्वांच्या आधी झाडीत पळाला. लव्हाळ्यांतून बिबट्या रिकाम्या हाताने माघारी गेला. टिटवीने ती शिवी स्पष्ट ऐकली होती. तिला राग आला नाही. शिवी देणारा जिवंत होता, तेवढे तिला पुरे होते.

तात्पर्य : रीत म्हणून कुणाला गप्प बसायला सांगितले, तर त्या गप्प बसण्याने कुणाचे पोट भरते, ते आधी पाहावे.