बस्त्याव सुताराची उमेदवारी

फार फार वर्षांपूर्वी समुद्रकाठच्या एका मुलखात टेकडीवर एक मठ होता. पण लहानथोरहो, ही गोष्ट मठातल्या संन्याशांची नाही. टेकडीखालच्या गावात काही साधी माणसं राहत. ती संसार करत, मुलं वाढवत, पोटासाठी राबत आणि तरीही मठाचे नियम आपापल्या घरी पाळत. त्यांना संघाची माणसं म्हणत. संघात यायचं तर वर्षभर उमेदवारी करावी लागे. मग वेदीपुढे उभं राहून वचन द्यायचं.

उमेदवारांना शिकवायचं काम बस्त्याव सुताराकडे होतं. वीस वर्षं तो ते करत होता आणि आता थकला होता. गुडघे थकले होते, त्याहून जास्त मन. महिन्याच्या पहिल्या रविवारी तो टेकडी चढायचा, मठाच्या ओसरीवर बसायचा आणि एकेकाला विचारायचा, "सकाळची प्रार्थना?"

"झाली."

"संध्याकाळची?"

"झाली."

"कुणाशी भांडण?"

"नाही, काका."

बस्त्याव मान हलवायचा. उत्तर खरं की खोटं, हे बघायची उमेद त्याच्यात उरली नव्हती.

एका वर्षी उमेदवारांत नातालीन आली. ती मिठागरात मीठ ओढायची. तिचा नवरा इनास ताडावरून पडला होता आणि तीन वर्षं खाटेवर होता. पहिल्याच रविवारी बस्त्यावने विचारलं, "संध्याकाळची प्रार्थना?"

"नाही झाली."

"किती दिवस?"

"एकही दिवस नाही, काका. सुरुवात करते आणि डोळे मिटतात."

बाकीचे खाली बघून हसले. दुसऱ्या महिन्यातही तिचं तेच उत्तर. तिसऱ्यातही तेच. चौथ्या महिन्यात मात्र बस्त्यावचा आवाज चढला. "इथे यायचं तर नियम पाळायला हवेत. जमत नसेल तर आत्ता घरी जा. पुढच्या वर्षी बघू."

नातालीन उठली. दोन पावलं गेली आणि वळली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, नुसता थकवा होता. "काका, रागावू नका, मला खरंच माहीत करून घ्यायचंय. दिवसभर राबून तुमची होते का हो प्रार्थना?"

"होते," बस्त्याव पटकन म्हणाला.

ती गेली. बस्त्यावने पुढच्या माणसाला प्रश्न विचारला, पण उत्तर त्याला ऐकू आलं नाही. आपण काय बोललो, ते त्याला कळलं होतं. ओठ रोज हलत होते, हे खरं. पण आत काही हलल्याला किती वर्षं झाली, ते त्याला आठवेना.

नातालीन पुन्हा आली नाही. बस्त्यावला वाटलं, सुटलो. पण सुतारशाळेत रंधा मारताना तिचा प्रश्न त्याच्या कानांत येत राही. दोन महिने त्याने कसेबसे काढले. मग एका संध्याकाळी त्याने रंधा खाली ठेवला आणि तिच्या घरी गेला.

नातालीन नवऱ्याला कुशीवर वळवत होती. इनास भारी अंगाचा, तिच्या एकटीच्या बळाबाहेरचा. बस्त्यावने पुढे होऊन दुसरी बाजू धरली. दोघांनी मिळून त्याला वळवलं. पाठीवरच्या जखमा तिने कोमट पाण्याने पुसल्या. बस्त्याव भांडं धरून उभा राहिला.

काम झाल्यावर तो म्हणाला, "नातालीन, मी त्या दिवशी खोटं बोललो."

"कशाबद्दल?"

"माझीही होत नाही. बरीच वर्षं झाली."

तिने त्याच्या हातातलं भांडं घेतलं. मग तिने विचारलं, "आत्ता म्हणूया का? तुम्ही आहात तर कदाचित जागी राहीन."

दोघं खाटेजवळ जमिनीवर बसले. अर्ध्यावर पोचायच्या आत नातालीनचं डोकं भिंतीला टेकलं. ती गाढ झोपली होती. इनास हळूच म्हणाला, "काका, उठवू नका तिला. म्हणा तुम्ही, मी ऐकतो."

बस्त्यावने पुन्हा सुरुवात केली. 'आजची भाकर आम्हाला दे' या शब्दांशी तो थांबला. हजारो वेळा म्हटलेले शब्द, पण आज समोर भाकर मिळवून दमलेली बाई होती आणि ती भाकर स्वतःच्या हाताने खाऊ न शकणारा माणूस होता. बस्त्यावने सावकाश, एकेक शब्द करत, प्रार्थना पुरी केली. मग नातालीन जागी होईपर्यंत तो इनासला वारा घालत बसला.

पुढच्या रविवारी त्याने सगळ्यांसमोर मठाच्या प्रमुखांना हात जोडले. "फादर, मला या कामातून मोकळं करा. मी उमेदवारांना खोटं सांगितलं, आणि एका खरं बोलणाऱ्या बाईला घरी पाठवलं. मला पुन्हा पहिल्यापासून शिकायचंय."

प्रमुख म्हणाले, "या वयात लोकांसमोर हे सोपं जाणार नाही, बस्त्याव."

"नाही जाणार, फादर. पण आहे ते असं आहे."

प्रमुखांनी त्याचं म्हणणं मान्य केलं. शिकवायचं काम दुसऱ्याकडे गेलं आणि सत्तरीचा बस्त्याव उमेदवारांच्या बाकावर बसला. काही जण कुजबुजले. त्याला लाज वाटली, आणि ती त्याने सहन केली. मग एका तरुण कोळ्याने मान खाली घालून कबूल केलं की तो वर्षभर सख्ख्या भावाशी बोललेला नाही. एका विधवेने सांगितलं की प्रार्थनेची तिला भीती वाटते. ओसरीवर पहिल्यांदाच माणसं एकमेकांचं ऐकू लागली.

ही गोष्ट कानावर गेली तशी नातालीनही परत आली. मिठागरातून ती सुटली की बस्त्याव, तो कोळी आणि ती विधवा आळीपाळीने इनासजवळ बसत आणि नातालीन तासभर झोपे. थकवा कुणाचाच गेला नाही, पण तो कुणाला एकट्याने ओढावा लागत नव्हता. पुढच्या वर्षी ईस्टरनंतर नातालीनने वेदीपुढे वचन दिलं. तिच्या शेजारी उभं राहून बस्त्यावनेही ते पुन्हा दिलं.

बोध: आपण कुठे कमी पडतो ते जो खरं सांगतो, त्याचीच देवाच्या वाटेवरची शिकवण सुरू होते.