दगडाचं हाड

“मग बाबा, मठाची गादी मला का नाही?”

चिंतामणने बिसनबाबांना विचारलं. प्राणहिता नदीच्या काठच्या एका उद्यानात, कठड्यापलीकडे, कोण्या काळच्या अवाढव्य जनावराचं मांडीचं हाड मांडून ठेवलं होतं. ते बघण्यात बाबा गढून गेले होते.

चिंतामण त्यांचा थोरला शिष्य. तरुणपणी बैलगाडीखाली सापडून बाबांचा डावा पाय अधू झालेला, तेव्हापासून ते लंगडत. चिंतामणही लंगडायचा. त्याचे दोन्ही पाय धडधाकट होते. बोलण्याआधी खाकरणं, हसताना मान डोलावणं, सगळं त्यानं उचललं होतं. मठात लोक म्हणत, हुबेहूब बाबा. बिचाऱ्याला त्याचाच आधार होता.

“लोकच म्हणतात,” तो खाकरून म्हणाला, “तुमच्यात नि माझ्यात तसूभर फरक नाही.”

“थ्या पाटीवर काय लिवलं हाये, वाच बरं.”

चिंतामणने वाचलं. “जनावर गाळात गाडलं गेलं. हाडाचा कण न् कण गेला, त्याच्या जागी दगड भरत गेला. आकार तेवढा राहिला.”

“म्हंजे हाड नाही हे?”

“नाही बाबा. दगड आहे.”

“पाहून तं हाडच वाटते.”

“दिसतं खरं...”

“चालंन का हे?”

चिंतामण मान डोलावत हसला. “दगड कसा चालेल, बाबा?”

बाबा त्याच्याकडे नुसते बघत राहिले.

चिंतामणचं हसू विरलं. मग त्याचे डोळे भरून आले.

“तुमच्यासारखं व्हायला मी काय कमी केलं, बाबा?”

“लय मेहनत केली रे पोरा.” बाबांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि काठी टेकत उतारावरून खाली निघाले.

चिंतामण तिथंच उभा राहिला. त्याचं मन फार दुखावलं होतं.

एवढ्यात मुरमावरून बाबांची काठी सटकली. ते घसरले, की त्यांनी स्वतःला घसरू दिलं, ते बाबाच जाणोत.

चिंतामण धावला. थेट, सरळ, दोन्ही पायांनी. लंगडायचं राहूनच गेलं. बाबा पडायच्या आत त्यानं त्यांना मिठीत धरलं.

“लागलं का, बाबा?”

बाबांनी दम घेतला. त्याच्या पायांकडे पाहिलं...

“आत्ता जो धावत आला ना, गादी त्याच्यासाठीच ठेवली हाये. पुन्हा दिसला तं त्याले सांगजो.”