कोंबडी की माणूस

“...मग ओळखलंस का, कुणाचा जंतू आहे ते?”

“कोंबडीचा,” इम्तियाज म्हणाला. विचार करायलाही तो थांबला नाही.

उपळेकर मॅडम पशुवैद्यक महाविद्यालयातून निवृत्त होऊन या पोल्ट्र्यांच्या गावी राहायला आल्या होत्या. इम्तियाज शिकलगार त्यांचा शेवटचा विद्यार्थी. जंतूची जनुकं वाचून तो कोंबडीचा की माणसाचा, हे आपला संगणक अचूक सांगतो, असं तो चारचौघांत छाती पुढे काढून सांगायचा. मागच्या भेटीत मॅडमनी जंतू वाढवलेली एक नळी त्याच्या हातात ठेवली. कुठून आणली ते सांगितलं नाही.

“खात्री आहे?”

“शंभर टक्के. ई. कोलाय आहे. त्याचे सगळे जवळचे भाऊबंद इथल्याच शेडमध्ये सापडलेत. आणि काय चिवट आहे, मॅडम. कोंबड्यांच्या खाद्यातली औषधं तर तो पचवतोच, पण डॉक्टर माणसांना देतात त्या गोळ्याही. नेहमीची एकही लागू पडत नाही.”

सांगताना त्याचा चेहरा खुलला होता. असा नमुना शोधूनही सापडत नाही.

मॅडमनी अंगावरची शाल घट्ट ओढून घेतली. बाहेर कडक ऊन होतं.

“तरीच ताप उतरत नाहीये,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे?” इम्तियाजने विचारलं.

“लघवीचा संसर्ग झालाय. नळीतला जंतू माझा आहे.”

“पण... तुम्ही तर अंडंही खात नाही.”

“नाही खात.”

पलीकडच्या शेडमधून कोंबडखताची ट्रॉली बाहेर पडली आणि भाजीच्या मळ्याकडे वळली. ती दिसेनाशी होईपर्यंत दोघंही बघत बसली.

...

मग इम्तियाज उठला. जिल्ह्याच्या रुग्णालयात ओळखीचे डॉक्टर होते, त्यांना फोन लावला. कुठलं इंजेक्शन अजून चालेल ते सांगितलं, खाट राखून ठेवायला सांगितली.

गाडी यायला वेळ होता. नुसतं बसवेना म्हणून त्याने लॅपटॉपवर अहवाल उघडला. ‘जंतू कुणाचा’ या रकान्यापाशी बोटं थबकली.

“मॅडम, इथे काय लिहू? कोंबडी की माणूस?”

मॅडमनी डोळे मिटले होते. त्याला वाटलं, झोप लागली असेल.

“गावाचं नाव लिही,” त्या म्हणाल्या.